मायच्या पायावरचं चुंबक

शेजारच्या काकूनं फोन करून सांगितलं, "तुही माय लंगडून राह्यली वं." मी मायला विचारलं. तिनं तीन वेळा तीन कारणं दिली. चप्पल लागली, पाय मुरगळला, वय झालं. मी कारंज्याला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामावर. तिथून आमचं गाव कामरगाव जीपनं तासाभराचंही नाही. तरी दोन रविवार माझे कपडे धुण्यात गेले.

तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा माय ओसरीत पाय लांब करून तूर पाखडत होती. उजव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, आणि आत काहीतरी टणक, गोल.

"काय बांधलं हे?"

"काई नाई. तुरीचा खुंट गेला व्हता पायात. बरं होऊन राह्यलं."

तूर कापली की तिचे खुंट रानात सुरीसारखे उभे राहतात. त्यात मायला कित्येक वर्षांपासून शुगर, तिच्या तळव्याला काही कळतच नाही. मी तिथंच खाली बसून चिंधी सोडली. आतून वजनदार काळी चकती निघाली. जयंतीच्या मिरवणुकीत फाटलेल्या स्पीकरचं चुंबक! त्याच्याखाली मायची दोन बोटं काळीनिळी पडली होती, आणि वास असा, की रोज जंतू हाताळणाऱ्या मलाही तोंड फिरवावं लागलं.

माझा स्वभाव तापट आहे, आणि मी घाबरले की जास्तच ओरडते. "हे बांधाले कोनं सांगतलं तुले? कोन हाय तो अकलेचा कांदा?"

मायनं सूप खाली ठेवलं. "तूच त सांगतलं," ती म्हणाली.

मला आधी वाटलं, ताप चढून बरळते आहे. मग आठवलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता, चुंबकामुळे जंतूंची वाढ थांबते का. चार पेट्री डिश घेतल्या, म्हणजे झाकणाच्या उथळ काचेच्या बश्या. त्यात जंतूंचं खाद्य ओतलं, चारीत एकच जंतू पसरले. दोन बश्यांखाली चुंबक ठेवलं, दोन तशाच. कॉलेजचं उबवणी यंत्र बंद पडलेलं, म्हणून सरांनी लाकडी पेटीत बल्ब लावून दिला होता. मी अतिशहाणी. चुंबकाचा परिणाम साध्या बश्यांवर व्हायला नको म्हणून चुंबकाच्या बश्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि साध्या अगदी तळाला. दुसऱ्या दिवशी तळाच्या बश्यांत ठिपकेच ठिपके, वरच्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रदर्शनात पहिला नंबर आला. गावाच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला. घरी आले तेव्हा बाया गोळा झाल्या होत्या, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "चुंबक ठेवलं ना, जंतू वाढतच नाहीत!"

माय तेव्हा चहा गाळत होती. मला वाटलं, तिला काय कळतंय.

त्याच दिवशी तिला जीपमध्ये घालून कारंज्याला आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि दोन बोटं काढावी लागतील म्हणाले. ती काढूनही पाय वाचेल की नाही, ते चार दिवसांनी कळेल. माय म्हणाली, "काढा मंग." मी कागदावर सही केली. बोटं काढली, आणि चार दिवस मी वाट पाहत राहिले.

त्या दिवसांत मी एक गोष्ट केली. मायच्या जखमेतला पू तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला होता. लॅबच्या मॅडमना विचारून मी त्यातला थोडा दोन बश्यांवर पसरला. एकीखाली तेच स्पीकरचं चुंबक ठेवलं. या वेळी यंत्र धड होतं, दोन्ही बश्या एकाच कप्प्यात, दोन टोकांना, एकाच उबेत. सकाळी दार उघडलं. दोन्ही बश्या काठोकाठ भरल्या होत्या. चुंबकाच्या बशीत तसूभर जागा रिकामी नव्हती.

मी स्टुलावर बसून राहिले. मग कळलं. त्या लाकडी पेटीत वरची फळी बल्बला लागून होती. माझे जंतू चुंबकानं थांबले नव्हते, उन्हाळ्यात पत्र्यावर ठेवल्यासारखे भाजून निघाले होते. त्या बश्यांतलं खाद्य कडेनं सुकून सुटलेलंही मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि वहीत लिहिलं नव्हतं. चुंबकानं जंतूंचं काही होतं की नाही, यावर मोठमोठ्या शिकलेल्यांचंही अजून एकमत नाही. मी मात्र चार बश्यांवर ओसरीत निकाल देऊन मोकळी झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मायला सगळं सांगितलं. बल्ब, फळी, सुकलेली कड. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुया नंबर काढून घेतीन काय ते?"

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. पट्टी सोडली, दाबून पाहिलं, म्हणाले, "पाय वाचला." माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांनी मायला रागानं विचारलं, "पण आजी, ते चुंबक बांधायचं खूळ कोणाच्या डोक्यातून निघालं?"

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"बजारात एक माणूस इकून राह्यला व्हता, साहेब," माय माझ्याआधी म्हणाली. "माही पोरगी त नाईच म्हने. मीच आयकलं नाई."

मी थक्क होऊन तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात तिला इतकं सफाईदार खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "घरात एवढं शिकलेलं माणूस असून लोक ऐकत नाहीत. तुम्ही तरी काय करणार?"

मी मान डोलावली.