कळलावीचं बाळंतपण

आमच्या थोरल्या मामांइतकी लेकरं अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसतील. आणि मामांनी तर लग्नच केलं नव्हतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून घरी आले की ते मधल्या खोलीत शिरत. तिथं मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत, चायना ग्रास आणि नारळपाण्याच्या खिरीवर, कळलावीचे नखाएवढे कोंब वाढत असत. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून वैदूंनी हिचे कंद इतके उपसले होते, की जळकोटच्या माळावर मामांना एकच वेल उरलेला सापडला. त्याच्या कोंबाचे तुकडे करून त्यांनी हा संसार मांडला. घरातला एकुलता कुकर बरण्या उकळण्यात गुंतलेला असल्यामुळे मामा वर्षानुवर्षं कच्चट वरण खात, आणि पाहुण्यांनाही प्रेमानं तेच वाढत.

बाहेरची धूळ आत गेली की बरण्यांत बुरशी धरे. ‘प्रवेश बंद’ लिहिलं तर लोक मुद्दाम डोकावत. म्हणून मामांनी दाराला पाटी लावली: ‘आत बाळंतीण आहे. पाय धुऊन यावे.’ दुसऱ्याच दिवशी शेजारच्या महादेवीकाकू डिंकाचे लाडू आणि झबलं घेऊन हजर.

“सर, लगीन कवा केलाव? आमाला कळू बी दिलं न्हाई!”

“काकू, आत कळलावी हाय.”

“अगं बाई! घरात कळलावी? भांडणं लागत्यात की ओ!”

“लागू द्या. त्या निमित्तानं भांडायला तरी कुणी येईल.”

लाडू त्यांनी ठेवून घेतले. झबलंही ठेवून घेतलं. बरण्यांवर ऊन आलं की मामा ते झबलं खिडकीला लावत.

रोपं माळावर लावली त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. मामा स्वतःच्या वाट्याचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीनं जळकोटला नेऊ लागले.

“सर, लोक पाणी लातूरला आणायलेत, तुमी उलटं कुठं निघालाव?” कंडक्टरनं विचारलं.

“लेकरं हायत तिकडं.”

कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली. पण वेल वाळलेच. “वरचं गेलं,” मामा म्हणाले. “खाली कंदात जीव असला तर असला.” आणि त्याच उन्हाळ्यात, ते न कळताच, मामा गेले.

श्रावणात मी एकटाच माळावर गेलो. मामांनी खुणेला मांडलेल्या दगडांपाशी पाच-सहा वेल वर आले होते. कळलावीच्या पानाचं टोक वळतं आणि हाताशी येईल त्याला धरून वर चढतं. एका टोकापुढं मी बोट धरलं. ते काही इतक्या लवकर धरत नाही, हे मामांनीच शिकवलं होतं. तरी बराच वेळ तसाच उभा राहिलो.