स्टेपनीच्या जागी माणूस

तिला सगळे फिटरबाई म्हणत. हा शब्द पहिल्यांदा ज्याने वापरला, त्याने तो टोमणा म्हणून वापरला होता. तीस वर्षांनी त्याच माणसाचा जावई दुकानाच्या दारात अदबीने उभा राहून ‘फिटरबाई आहेत का’ असं विचारू लागला. मधल्या काळात त्या शब्दातला टोमणा केव्हा गळून पडला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ती त्यासाठी कुणाशी भांडली नव्हती. वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून ती काम करत राहिली, इतकंच.

दुकान म्हणजे गल्लीच्या शेवटची लांबट पत्र्याची शेड. आत दोन गाड्या एकामागे एक मावत. वडिलांनी, म्हणजे दादांनी, ते उभारलं आणि कागदोपत्री धाकट्या मुलाच्या नावावर केलं, कारण मुलगी लग्न होऊन परक्या घरी जाणार हे गृहीतच होतं. ती गेलीही, आणि दोन वर्षांनी परत आली. का, ते तिने सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त हातमोज्यांची दुसरी जोडी तिच्यासमोर ठेवली. तेव्हापासून हिशेबाच्या टेबलाशी भाऊ बसे आणि लोखंडाशी ती. गिऱ्हाईक बोले भावाशी, पण बोलताना पाही तिच्याकडे.

वडिलांचा एक नियम होता. गाडीला जे काही टांगायचं, शिडी असो, पेटी असो, स्टेपनीचं कॅरियर असो, ते बसवून झालं की ज्याने बनवलं त्याने त्यावर स्वतः बसायचं आणि गाडी गल्लीच्या टोकाला नाल्यावर असलेल्या मोरीवरून जाऊन परत यायची. त्या मोरीचा उंचवटा असा होता की सायकलस्वारसुद्धा तिथे दात घट्ट मिटत. लोक हसत. वडील म्हणत, “हसू द्या. टायरला तोंड नाही, म्हणून माणूस बसतो.”

हा नियम तिने एकदाच मोडला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. स्टेपनीचं कॅरियर दारासारखं बाजूला उघडतं, आणि त्याच्या बिजागरीची पिन वरून घालून, ती निसटू नये म्हणून खाली दोन पायांची टाचणी लावायची असते. त्या दिवशी तिने चाक आधीच चढवलं होतं, त्यामुळे वर हातोडी फिरायला जागा उरली नाही. चाक पुन्हा उतरवायचा कंटाळा आला, म्हणून तिने पिन खालून ठोकली. त्यानंतर बसायचं होतं, पण संध्याकाळी मैत्रिणीचं लग्न होतं आणि अंगावर नवे कपडे होते. चौथ्या दिवशी पिन गळाली. वळणावर कॅरियर फटकन उघडलं आणि सायकलवरून चाललेल्या पोस्टमनच्या गुडघ्यावर आदळलं.

रस्त्यावरून ती पिन तिनेच शोधून आणली. दवाखान्यात जाऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं, “चूक माझी आहे. पिन मी खालून घातली.” वडील शेजारी उभे होते, आणि त्यांनी तिचं वाक्य सौम्य करायचा प्रयत्न केला नाही. पोस्टमनचा गुडघा पुन्हा पूर्ण वाकला नाही. पिन दुकानात खिळ्याला टांगली गेली, ती आजही तिथेच आहे. पोस्टमन आता निवृत्त झाला, तरी सकाळी लंगडत फिरायला निघाला की दारात थांबून विचारतो, “काय, आज कोण बसलं?”

पाइप पोहोचवण्याचा ठेका असलेला एक गृहस्थ आला, तेव्हा पोस्टमन हेच विचारून नुकताच पुढे गेला होता. ठेकेदाराच्या आठ पिकअप गाड्या होत्या. गाडीखाली स्टेपनी धरणारे मूळचे सांगाडे गंजून गेले होते, म्हणून चाकं मागच्या हौद्यात पडून असत आणि पाइपांची जागा खात. ती चाकं त्याला मागच्या बंपरवर टांगून हवी होती. आठही गाड्या, दोन दिवसांत.

फिटरबाई पहिल्या गाडीमागे उकिडवी बसली आणि बोटाच्या पेराने तिने बंपरवर टिचकी मारली.

“हा बंपर नाही, बिस्किटाच्या डब्याचं झाकण आहे,” ती म्हणाली. “याच्यावर नाही टिकणार. आत चासीला जाड पट्टी बोल्ट करावी लागेल, बंपरला भोक पाडून बिजागरीचा खांब त्या पट्टीवर उभा करावा लागेल. एका गाडीला दीड दिवस.”

“बाई, मला स्टेपनी टांगायचीय, हत्ती नाही,” ठेकेदार म्हणाला.

“हत्ती परवडला साहेब, तो गप उभा राहतो. चाक खड्ड्याखड्ड्याला उड्या मारतं.”

ठेकेदाराने भावाकडे पाहिलं. “पलीकडच्या नाक्यावर तासाभरात थेट बंपरलाच वेल्डिंग मारून देतात. मी तुमच्याकडे आलो ते जुनी ओळख म्हणून.”

भाऊ टेबलावरून उठला. “साहेब, तुम्ही गाडी ठेवून जा. होईल.”

“काय होईल?” तिने विचारलं.

“ताई, तू बेअरिंग आणायला जाणार होतीस ना? जाऊन ये. बघतो मी.”

ती गेली. इथे तिचंही चुकलंच. भावाच्या आवाजातला तो घाईचा गोडवा ती लहानपणापासून ओळखत होती. फुटलेली बरणी फडताळामागे लपवल्यावर तो अशाच आवाजात बोलत असे.

दुपारी ती परतली, तेव्हा गाडीच्या मागे कॅरियर उभं होतं आणि त्याचा काळा रंग अजून ओला होता. चौकोनी पाइप, कडी, चाकाची चकती, सगळं जागच्या जागी आणि दिसायला देखणं. बिजागरी मात्र थेट बंपरच्या पत्र्याला चिकटवलेली होती. रंगाखाली वेल्डिंगच्या कडेला पत्रा जळून निळा पडला होता, आणि तो निळेपणा तिला रंगातूनही दिसला. ठेकेदार समाधानाने गाडीभोवती फिरत होता. गाडीचा ड्रायव्हर, पन्नाशीचा अबोल माणूस, हाताची घडी घालून भिंतीशी उभा होता.

तिने बेअरिंगची पिशवी टेबलावर ठेवली.

“छान दिसतंय,” ती म्हणाली. “धाकट्या, बस.”

“कशावर?”

“तुला माहितीये कशावर. बनवलंस ना तू?”

“ताई, लोकांसमोर तमाशा नको.”

“दादांच्या वेळेपासून लोकांसमोरच बसतोय आपण. आज कुणाची लाज वाटायला लागली?”

ठेकेदार हसला. “अहो बाई, त्याच्यावर टायर बसणार आहे. माणूस कशाला?”

“टायर पडला तर मागच्या माणसावर पडतो, साहेब. तो काही तुमच्या ओळखीचा नसतो, म्हणून आमच्या ओळखीचा बसवतो.”

भाऊ चकतीवर चढला. वय अठ्ठेचाळीस, पोट जरा सुटलेलं. त्याने दोन्ही हातांनी हौद्याच्या मागच्या फाळक्याची कड धरली. फिटरबाईने ड्रायव्हरला खूण केली आणि गाडी गल्लीत निघाली. शिवणकाम करणाऱ्या बाईने मशीन थांबवलं, न्हाव्याने गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच सोडला. मोरीच्या अलीकडे गाडीचा वेग मंदावला, तरी उंचवट्यावरून मागची चाकं उतरली तेव्हा कागद फाटावा तसा आवाज झाला. बंपरचा पत्रा बिजागरीसकट बाहेर वाकला, आणि भाऊ फाळक्याला लोंबकळत, पाय जमिनीला घासत, चार पावलं गाडीमागे धावला.

त्याला लागलं नाही. गल्ली मात्र हसली, आणि ते त्याला लागलं.

गाडी मागे आली. फाटलेल्या पत्र्याकडे पाहत ठेकेदार म्हणाला, “माणसाचं वजन जास्त असतं. अजून दोन टाके मारा, चालेल.”

“नाही चालणार.”

“मला चालेल. गाडी माझी आहे.”

“गाडी तुमची. वेल्डिंग या दुकानातलं आहे. ते लटकवून गाडी या दारातून बाहेर जाणार नाही.”

तिने ग्राइंडरची वायर ओढली. भाऊ मध्ये आला, हात पसरून. “ताई, आठ गाड्यांचं काम आहे. आणि दुकान माझ्या नावावर आहे, विसरू नकोस.”

हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारत होता, पण ते घरात कायम हजर होतं. जेवताना, हिशेबाला बसताना, वडिलांच्या आजारपणात ते भिंतीतल्या ओलीसारखं होतं आणि सगळे त्याच्यासमोर कपाट सरकवून राहत होते. माणसाला जागेवरून हलवायचं असेल, तर त्याचं काम चुकीचं ठरवावं लागत नाही, जागा त्याची नाही एवढी आठवण पुरते. फिटरबाईला हे तत्त्व म्हणून ठाऊक नव्हतं, ती त्यात राहत होती.

“नाही विसरले,” ती म्हणाली. “कागद तुझा आहे. उद्या घाल मला बाहेर. आज बाजूला हो.”

त्याने हात खाली घेतले. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्यांचा पिसारा जमिनीवर पसरला, आणि कॅरियर दोन मिनिटांत खाली आलं. ठेकेदाराने बरंच काही ऐकवलं. बाईच्या हातात हत्यार दिलं की असंच होतं, हेही त्यात होतं. तिने काच वर केली आणि विचारलं, “झालं?”

“चल,” ठेकेदार ड्रायव्हरला म्हणाला. “नाक्यावर जाऊ.”

तेव्हा ड्रायव्हर पहिल्यांदा बोलला. “साहेब, हौद्यात स्टेपनी टाकून चालवतो. पण नाक्यावर तसंच मारून घेणार असाल, तर ही गाडी दुसऱ्याला द्या. मी धावताना बघितलं यांना.”

ठेकेदाराने त्याच्या हातून किल्ली हिसकावली आणि स्वतः गाडी बाहेर काढली. हौद्यात सुटं चाक दोन्ही बाजूंना आपटत गेलं, गल्ली संपेपर्यंत त्याचे ठोके ऐकू येत होते.

बहीण-भाऊ चार दिवस बोलले नाहीत. तिने हत्यारं पुसून पेटीत भरून ठेवली होती, आणि पेटी दाराशी. भाऊ रोज त्या पेटीला वळसा घालून आत जाई. त्याने ती उचलून आतही ठेवली नाही, बाहेरही नाही.

पाचव्या दिवशी तीच पिकअप दारात आली. चालवत तोच ड्रायव्हर होता.

“सात गाड्या नाक्यावर गेल्या, मावशी,” तो म्हणाला. “ही मी अडवली. साहेब म्हणाले, दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत काय करायचं ते कर. तेवढ्यात करून टाका.”

“नोकरी?”

“बघू. तुमची?”

“तीच बघतेय,” ती म्हणाली आणि पेटी उघडली.

दीड दिवस लागला. बंपर उतरवून तिने चासीच्या दांड्याला तळहाताएवढी जाड पट्टी चार बोल्टनी आवळली. बंपरला गोल भोक पाडून बिजागरीचा खांब त्यातून वर घेतला, म्हणजे भार पत्र्यावर न येता चासीवर येईल. खांबात बेअरिंग, त्यावर फिरणारा पाइप, दुसऱ्या टोकाला कडी, कडीखाली रबराचा ठोकळा. मागचा दिवा आणि नंबर झाकला जाणार नाही, इतकं चाक बाजूला. पाइप आडवा धरायला माणूस लागणार होता. तिने हाक मारली नाही. भाऊच टेबलावरून उठला, हातमोजे चढवले आणि दुसरं टोक धरलं.

“जरा वर,” ती म्हणाली. त्या दिवसानंतरचं तिचं त्याच्याशी हे पहिलं बोलणं.

शेवटी तिने पिन घेतली, चाक चढवण्याआधी वरून घातली, खाली टाचणी लावून तिचे पाय वाकवले. भावाने वाकून पाहिलं आणि बोटाने चाचपलं.

मग कुणी न सांगता तो चकतीवर चढून बसला.

“हे तू नाही बनवलंस,” ती म्हणाली.

“एक टोक धरलं होतं.”

माफ केलं असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. “मग सरक तिकडे,” ती म्हणाली, आणि पाइपवर त्याच्या शेजारी चढली. दोघांचं वजन स्टेपनीच्या चौपट तरी होतं.

“मोरीपर्यंत ना?” ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

“मोरीवरून पुढे. ठेकेदाराच्या गोदामासमोरून वळव. हळू नको.”

पोस्टमन दारात थांबला होता. आज त्याने काही विचारलं नाही, काठी बगलेत धरून तो बघत राहिला. गाडी मोरीवर उसळली, दोघं हातभर वर गेले आणि धप्पकन खाली आले, बिजागरीने चकार शब्द काढला नाही. गोदामाच्या फाटकात सात गाड्या ओळीने उभ्या होत्या, पातळ बंपरवर चाकं टांगून. ठेकेदार पायरीवर आला. भावाने मान खाली घातली.

“वर बघ,” फिटरबाई त्याला म्हणाली, आणि गाडी फाटकासमोरून वळेपर्यंत स्वतः ठेकेदाराच्या डोळ्यांत बघत बसून राहिली.