हरवलेला ऑक्सिजन

"एक ऑक्सिजन कुठे गेला? गिळलास?"

क्लासच्या बाई अशा कडाडल्या, की बाहेर मुलीची वाट बघत बसलेल्या माझाही हात खिसे चाचपायला गेला. उघड्या दारातून पाहिलं, फळ्यापाशी माझी मुक्ता होती. आज समीकरण जमलं नाही तर सायन्स सोडणार, असं तिने सकाळीच जाहीर केलेलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी: डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडच्या पाण्यात एकच. तिने गुपचूप पाण्याच्या H2O मधल्या 'O'च्या पायाशी छोटा दोन चिकटवला.

"अगं, हे पाणी राहिलं का? हायड्रोजन पेरॉक्साइड झालं! याने केस धू, सोनेरी होतील! रेणूच्या पोटात हात घालायचा नाही. अख्खे रेणू वाढव."

मुक्ताने तो पुसून पाण्याच्या आधी मोठा दोन लिहिला, मग हायड्रोजनच्याही आधी, आणि दोन्ही बाजू जुळल्या. मी थक्क! आमच्या दोन खोल्यांत मोजे, चमचे, एकदा तर पाहुणे आलेले मेहुणेसुद्धा हरवले. आणि एवढ्या अफाट विश्वात काहीही जळो, भडको, एकही अणू हरवत नाही. नुसता एकाचा हात सोडतो आणि दुसऱ्याचा धरतो.

वाटेत विचारलं, "मग, सोडायचं सायन्स?"

"उद्या लोखंडाच्या गंजाचं समीकरण आहे," ती म्हणाली.