चौदा सालचा गोली

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. मृणालपुढेही नाही – आणि बायकोला मी लग्नाआधीची सगळी लफडीसुद्धा सांगून बसलोय. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

फुटबॉलपासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, फार तर कुस्ती. पण आमच्या गावाचं खरं वेड फुटबॉल. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीची टीम, आणि मॅचच्या दिवशी मेहुणा मेहुण्याला ओळख देत नाही. आमचे आबा – माझे वडील – तरुणपणी आमच्या पेठेच्या टीमचे गोली होते, म्हणजे गोलकीपर. उजव्या हाताची करंगळी वाकडी. एका फायनलला ती मोडली आणि मोडक्या करंगळीनं ते शेवटपर्यंत उभे राहिले, ही गोष्ट आमच्या घरात आरतीसारखी म्हटली जायची. मला ती पाठ होती. लहानपणी अभिमान वाटायचा, गल्लीत मीही गोलात उभा राहायचो; पुढे कंटाळा यायला लागला, आणि त्याच्याही पुढे – ते येईलच.

आई गेल्यावर आबा एकटे पडले. म्हणून दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी त्यांना इकडे आणलं, डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला. तीन महिन्यांसाठी. बॅगेत कपडे कमी आणि कांदा-लसूण चटणीच जास्त. मार्चमध्ये सगळं बंद झालं, विमानं थांबली आणि आबा अडकले. त्यात सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेरच पडायचं नाही, असा इथला नियम. ज्या माणसाला कोल्हापुरात चौकात दोन फेऱ्या मारल्याशिवाय जेवण जात नव्हतं, तो माणूस मागच्या अंगणात कुंपणाच्या भिंतीपाशी उभा राहून आभाळ बघत बसायचा.

भिंतीच्या पलीकडे डेक्लन होता. निवृत्त शाळामास्तर, तोही सत्तरीच्या वरचा, तोही कोंडलेला. या दोघांचं जमलं कसं, याचं मला आजही नवल वाटतं. आबांचं इंग्रजी म्हणजे कॉर्नर, फाऊल, ऑफसाइड, सेंटर हाफ. पण डेक्लनला तेवढं पुरलं. त्याचे आजोबा मूळचे बेलफास्टचे आणि त्यांनी लहानपणी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट भरून ठेवलेली – चौदा सालची.

तुम्हाला माहीत नसेल. मलाही नव्हतं. वर्ल्डकप वगैरे सुरू व्हायच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांनी आपापसात दरवर्षी एक स्पर्धा भरवायला सुरुवात केली. देशादेशांमधली जगातली अगदी पहिली म्हणावी अशी. तेव्हा आयर्लंड अखंड होता, त्याची एकच टीम. आणि ही टीम वर्षानुवर्षं मार खायची, तो मारही सपाटून. मग एकोणीसशे चौदा उजाडलं. आयर्लंडनं वेल्सला हरवलं. मग इंग्लंडला, इंग्लंडमध्येच जाऊन, तीन गोलांनी. शेवटची मॅच बेलफास्टला, स्कॉटलंडशी. मैदानात चिखल. त्यात आयर्लंडचा गोली जखमी झाला. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, त्यामुळे एक बॅक, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, गोलात जाऊन उभा राहिला. स्कॉटलंडनं गोल केला, पण शेवटी शेवटी आयर्लंडनं बरोबरी साधली आणि स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. पुढे देशाचे दोन भाग झाले, टीमचेही झाले.

जखमी गोली म्हटल्यावर आबा तिथेच विरघळले. भिंतीवरून त्यांनी डेक्लनला वाकडी करंगळी दाखवली. डेक्लनला ती गोष्ट कितपत कळली देव जाणे, पण त्यानं भिंतीपलीकडून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आबा मला म्हणाले, "बाळू, ही चार देशांची स्पर्धा न्हवं रं. ही भाऊबंदकी हाय. आपल्या पेठांसारखीच." किती खरं होतं ते! मी लॅपटॉपवरून मान वर न करता हं म्हणालो.

त्या उन्हाळ्यात आबांना जगायला काहीतरी मिळालं. मला इंटरनेटवरून माहिती काढून मोठ्यानं वाचायला लावायचे, मग त्यातली प्रत्येक मॅच पुन्हा आपल्या पद्धतीनं रचायचे. इंग्लंड म्हणजे पैसेवाली पेठ, स्कॉटलंड म्हणजे खेळात वाकबगार पण खडूस पेठ, वेल्स म्हणजे आपलं गरीब लहान पोर, आणि आयर्लंड म्हणजे अर्थातच आम्ही. माझी मुलगी ईरा त्यांच्यासमोर बसायची आणि अस्सल आयरिश सुरात विचारायची, "बट आबा, हू वॉन?" दर वेळी, जणू निकाल बदलणार होता. आबाही दर वेळी नव्या उत्साहानं सांगायचे.

आता मुद्द्याच्या जवळ येतोय. अजून थोडं.

मी शिकायला पुण्याला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर माझ्या बोलण्याची नक्कल झाली. वाईट हेतूनं नाही, गमतीनं. पण मी त्या दिवसापासून जीभ घासायला लागलो. 'न्हाई' गेलं, 'लई' गेलं, 'हिकडं-तिकडं' गेलं. चार वर्षांत मी इतका स्वच्छ झालो की लोक विचारायचे, पुण्यात कुठले तुम्ही? सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. मग सोडून दिलं. आयर्लंडला आल्यावर तर मी सरळ 'कोथरूड' सांगायला लागलो – ते बायकोचं माहेर. इथली मराठी मंडळी मला पुण्याचाच समजतात. यात कुणाचं काय बिघडलं? कुणाचंच नाही. असं मी स्वतःला सांगायचो.

मग गणपती आले. हॉल मिळणार नव्हता, म्हणून आमच्या मराठी ग्रुपनं झूमवर गणेशोत्सव करायचं ठरवलं. अभय ते सगळं जमवत होता. त्याला मृणालनं उत्साहानं सांगितलं, आमच्या आबांना बोलू द्या, ते आयर्लंडच्या फुटबॉलवर फार छान सांगतात. अभय म्हणाला, क्या बात है, रविवारी दुपारी काकांचं व्याख्यान!

व्याख्यान. आबांच्या आयुष्यातलं पहिलं. तालमीच्या ओट्यावर ते तासन्‌तास बोलले असतील, पण कुणी त्यांचं नाव जाहीर करून, वेळ देऊन, बोला म्हटलं नव्हतं. पुढचे दिवस घरात दुसरा विषय नव्हता. भिंतीपाशी उभं राहून त्यांनी डेक्लनसमोर अख्खं भाषण मराठीत म्हणून दाखवलं. डेक्लन म्हणाला, "ग्रँड. ही'ज ओन्ली ग्रँड." – म्हणजे इकडच्या भाषेत, एकदम झकास. मी आतून बघत होतो आणि त्यातले 'न्हाई' आणि 'लई' मोजत होतो.

रविवारी आबांनी कोट घातला. मृणाल ईराला घेऊन वर अंघोळीला गेली होती, पाच मिनिटांत येते म्हणून. आबांच्या आधी एका बाईंनी अथर्वशीर्षावर बोलून घेतलं – काय ती भाषा, एकेक शब्द धुऊन वाळत घातलेला. मग अभयनं आबांचं नाव घेतलं.

"राम राम मंडळी!" आबा ओरडले. मायक्रोफोनवर त्यांचा विश्वास नव्हता. "म्या काय शिकल्याला मानूस न्हाई. पर गोलात हुबा ऱ्हायलोय, म्हून सांगतो."

पडद्यावर चाळीसएक चौकोन, त्यात चाळीसएक चेहरे. काही हसले. खाली चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं – लई भारी काका! पुढे हसरी तोंडं. आणखी कुणीतरी – किती गोड! ते खरंच कौतुक होतं का? की नक्कल होती? मी आजही त्या तीन शब्दांवर विचार करतो. तेव्हा केला नाही. तेव्हा मला हॉस्टेलची ती खोली दिसली.

आबा छान बोलत होते. हे मला सांगितलंच पाहिजे – ते फार छान बोलत होते. इंग्लंडला तीन गोल घातले तेव्हा कुणीतरी माईक सुरू करून वा म्हणालं. बेलफास्टचा चिखल आला. गोली पडला. आणि आबा म्हणाले, "आता गोली पडल्यावर काय हुतंय, त्ये माज्या पोराला इचारा. ह्यो हितंच बसलाय. आमच्या गल्लीतला एक नंबरचा –"

मी उठलो. जिन्याखाली एक प्रेस आहे – इथे कपाटाला प्रेस म्हणतात – त्यात राउटर असतो. मी दार उघडलं आणि वायर उपसली.

झालं. एवढंच ते.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. मला वाटलं होतं, आबा थांबतील, हाक मारतील, मी जाऊन 'नेट गेलं' म्हणेन. आबा थांबलेच नाहीत. चेहरे पडद्यावर गोठले होते, आणि नेमके हसताना गोठले होते. पुढे मध्यभागी इंग्रजीत काहीतरी आलं, पण आबांनी बरं दिसावं म्हणून चष्मा काढून ठेवला होता. ते बोलत राहिले. बॅक गोलात कसा उभा राहिला, ते त्यांनी उठून उभं राहून, हात पसरून दाखवलं. बरोबरीचा गोल सांगताना त्यांचा आवाज फाटला. मी दारात उभा होतो. वायर परत लावायला कितीसा वेळ लागला असता?

मी ती लावली नाही. मी शेवटपर्यंत उभा राहून माझ्या बापाला रिकाम्या पडद्याशी बोलताना बघितलं.

शेवटी त्यांनी हात जोडले. घामानं डबडबले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "गेलं का रं ऐकू समद्यास्नी?"

आणि मी म्हणालो, "हो आबा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काही जण तर उभे राहिले."

का म्हणालो? नेट गेलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं ना? पण त्यांचा तो चेहरा बघून मला ते जमलं नाही. याला दया म्हणू नका. वायर उपसणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही.

दहा मिनिटांनी अभयचा फोन आला. "अरे यार, नेट गेलं का तुमचं? काय रंगलं होतं! सगळे थांबलेत, काकांना परत बसव." मी म्हणालो, आबा दमलेत, झोपलेत. आबा त्या वेळी स्वयंपाकघरात ईराला मोदक भरवत होते आणि मृणालला टाळ्यांबद्दल सांगत होते. तिला वाटलं, आपण वर असताना झालं सगळं.

मग दोन्ही थापा सांभाळणं आलं. आबांची आणि ग्रुपची गाठ पडू द्यायची नव्हती, मृणालपुढे अभयकडून तो विषय निघू द्यायचा नव्हता. दिवाळीला अभयनं पुन्हा विचारलं, मी कारण काढलं. आबा विचारायचे, पुन्यांदा बोलीवलं न्हाई व्हय रं? मी म्हणायचो, दर वेळी नवीन माणसाला देतात. "बरोबर हाय," आबा म्हणायचे. "समद्यास्नी संधी मिळाय पायजे." एकदा त्यांनी रेकॉर्डिंग मागितलं, तालमीतल्या लोकांना दाखवायला. मी म्हणालो, कुणी केलंच नाही. ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

एकवीसच्या जानेवारीत ते परत गेले. मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस काढून ते वारले. मला जाता आलं नाही. ते तुम्हाला नव्यानं काय सांगायचं, त्या वर्षी कुणालाच कुठे जाता आलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तालमीतल्या म्हाताऱ्यांनी शोकसभा घेतली. मोजकीच माणसं, लांब लांब मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आबांच्या फोटोला हार. मला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि मोबाइल एका स्टुलावर टेकवून ठेवला. आबांच्या टीममध्ये बॅक खेळलेले बापू बोलायला उठले. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाले, करंगळीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठावी हाय, ती सांगत न्हाई. मग म्हणाले, "पर आमचा गडी परदेशात भाषण करून आला. चौदा सालच्या गोलीवर. आयर्लंडातली समदी मानसं हुबी ऱ्हाऊन टाळ्या वाजवत हुती. मरायच्या आधी आठ दीस, दवाखान्यातनं, मला फोनवर सांगितलं त्येनं. न्हवं का रं बाळू?"

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. नेट चांगलं होतं. आवाज अगदी स्वच्छ येत होता. मृणाल माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझा हात धरला होता.

"व्हय, बापू," मी म्हणालो. कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आला. "समद्यांनी ऐकलं."

बापूंनी फोटोकडे बघून मान हलवली आणि खाली बसले.