बांधाआडच्या लाटा

समुद्र इतका गार असू शकतो हे मला कुवेतला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. आम्ही रत्नागिरीकडची माणसं. आमच्या खाडीत माघात उतरलं तरी पाणी अंगाला कोमटच लागतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, साठ-एकसष्टच्या सुमाराला, मी बोटीने नवऱ्याकडे फहाहीलला गेले. पहिल्याच हिवाळ्यात हौसेने किनाऱ्यावर पाय बुडवला, तर कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. हे हसले. म्हणाले, "हे पाणी लांबूनच बघायचं."

हे तेल कंपनीच्या वर्कशॉपात सुतार होते. एका म्हाताऱ्या कोळिणीच्या घरातल्या अंगणालगतच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. तिचा नवरा समुद्रातच गेला होता. सगळी गल्ली तिला यम्मा म्हणायची, म्हणजे आई. मग मीही तेच म्हणू लागले. तिची अरबी मला कळायची नाही आणि माझं मराठी तिला, पण चूल, मीठ, मासे, दुखणं यांच्यापुरतं आमचं भागत होतं. बाहेर पडताना घालायला तिने आपला एक जुना काळा अबाया मला दिला. उंचीला तो मला मोठा व्हायचा, पण वाऱ्याला चांगला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. यम्मानेच ती हातावर घेतली. रंगाने उजळ, डोक्यावर दाट जावळ. पंधरवडाभर सगळं नीट चाललं आणि मग तिची छाती भरली. खोलीत घासलेटचा स्टोव्ह रात्रंदिवस जळत होता तरी भिंती ओल्या. दवाखान्यात नेलं, सुई दिली, परत आणली. चाळीस दिवस भरायच्या आत ती गेली.

यम्माने तिला न्हाऊ घातलं. यांनी पांढऱ्या कापडातलं ते गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं आणि गल्लीतल्या पुरुषांबरोबर कब्रस्तानात गेले. बायकांनी जायचं नसतं. परत आल्यावर यांनी हातपाय धुतले, चहा मागितला, प्यायला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. माझं दूध थांबत नव्हतं. यम्मा छातीला कोबीची पानं बांधायची, माझ्याबरोबर रडायची. यांनी मात्र मुलीचं नाव परत काढलं नाही. मी काढलं तर उठून अंगणात जात.

त्याच हिवाळ्यात कौस सुटला. आग्नेयेकडून येणारा तो दमट वारा. दोन-तीन दिवस वाहिला की तिथला सपाट समुद्र खवळतो. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर होड्यांच्या आसऱ्यासाठी दगडांचा एक जुना बांध समुद्रात गेलेला होता. त्याच्या आडोशाला लाटा मवाळ होऊन एकामागून एक वाळूवर यायच्या. एका शुक्रवारी नमाजाहून आल्यावर यांनी जेवण बाजूला सारलं, अंगणातली खोक्याची एक रुंद फळी उचलली आणि निघाले. मी घाबरून मागे धावले. यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला आणि त्या बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत गेले. लाट आली तशी फळीवर पोट टाकलं आणि लाटेबरोबर थेट माझ्या पायांपाशी येऊन थांबले.

आमच्या गावची पोरं असं करतात. फुटक्या होडीची फळी घ्यायची आणि लाटेवर यायचं. पण हा तिशीचा माणूस, ओठ निळे पडलेले, परत उठून आत जात होता. परत आणि परत. मी ओरडून हाका मारल्या. शेवटी बाहेर आले तेव्हा दात वाजत होते.

"मरायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही गं," म्हणाले. "तिथे आत डोक्यात काही राहत नाही. इतकंच."

पुढच्या शुक्रवारीही कौस होता. त्या दिवशी किनाऱ्यावर एक गोरा माणूस उभा राहून यांना बघत होता. तो यांच्याच वर्कशॉपात फोरमन होता, वेल्डिंगकडचा. कपडे काढून तो चड्डीवरच पाण्यात शिरला. थोड्या वेळाने दोघं मिळून त्या एका फळीवर पाळीपाळीने येत होते. बाहेर आल्यावर त्याने यांना बरंच काही सांगितलं. घरी येताना हे मला म्हणाले, "त्याचं गाव समुद्राकाठी आहे. तिथलं पाणी बारा महिने असंच गार. तिथेही असाच आडोसा आहे म्हणे. ते लोक लांब फळीवर चक्क उभे राहून येतात."

"उभे? आणि पडले म्हणजे?"

"पडतात. परत चढतात."

मग त्या दोघांनी वर्कशॉपात, काम सुटल्यावर, उरलेल्या प्लायवूडची एक लांब फळी केली. आतून पोकळ, टोकाला निमुळती, माणसापेक्षा उंच. यांनी जोड असे बसवले की थेंब आत जाऊ नये. ती ओढत आणताना गल्लीतली माणसं दाराबाहेर येऊन बघत होती. यम्मा म्हणाली, ही कसली होडी, हिला पोटच नाही.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यातही कौस असलेला एकही शुक्रवार त्यांनी सोडला नाही. मी अबाया गुंडाळून वाळूवर बसायची. पोहायला मला येत नव्हतं, तरी बसायची. आपण बघत असलो तर काही होणार नाही, असं काहीतरी मनात असावं. त्या गोऱ्या फोरमनला हे साहेब म्हणायचे. साहेब उंच, हडकुळा, फळीवर उभा राहिला की दोन्ही हात बगळ्यासारखे पसरायचा. हे पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा साहेबाने शिट्टी वाजवली आणि हे हसले. मुलगी गेल्यापासूनचं ते पहिलं हसू. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला. घरात माझ्याजवळ बसून जे सुटलं नाही ते या परक्या माणसाजवळ, या गार पाण्यात सुटलं, याचा राग. घरी येऊन यांना गरम पाणी दिलं, पाठ चोळली.

तो दिवस आला तेव्हा कौस तीन दिवस वाहत होता. बांधाच्या आत लाटा नेहमीसारख्या होत्या, पण बांधाच्या टोकापलीकडे त्या खूप मोठ्या उठत होत्या. यांना खोकला होता म्हणून हे लवकर बाहेर आले आणि माझ्याशेजारी चादर पांघरून बसले. साहेबाने टोकाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. यांनी मान हलवली, "नो, नो, टू मच." साहेब हसला, लांब फळीवर पालथा पडला आणि हातांनी वल्हवत टोकाच्या दिशेने निघाला.

एक मोठी लाट त्याने घेतलेली आम्ही पाहिली. उभा राहिला, हात पसरले आणि बांधाच्या कडेकडेने आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा पाऊस बारीक पडू लागला होता, नीट दिसत नव्हतं. मग लांब फळी आडोशात आली. एकटीच.

हे उठले. मी यांचा हात धरला.

"जाऊ नका. कोळ्यांना बोलवते मी. तुम्ही जाऊ नका."

"तोवर उशीर होईल."

"आणि तुम्ही गेलात तर मी काय करू इथे? कुणाकडे बघू?"

यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. फळी वळवली आणि गेले. मी घराकडे धावत सुटले, ओरडत, मराठीत, आणि यम्मा तिच्या पुतण्यांना घेऊन धावत आली. पण तोवर हे परत येताना दिसत होते. साहेबाला फळीवर आडवा टाकला होता आणि हे मागून पायांनी पाणी मारत होते. बांधाजवळ लाटांनी त्यांना दगडांवर आपटायला घेतलं. मी पाण्यात शिरले. कशी शिरले ते सांगता येणार नाही. छातीपर्यंत पाणी आलं, श्वास आतच अडकला, आणि माझ्या हातात साहेबाचा पाय आला. तो गार होता, पाण्याइतकाच. आम्ही त्याला वाळूवर ओढला. यम्माच्या पुतण्याने पाठ दाबली, तोंडातून पाणी आलं, वाळू आली, बाकी काही आलं नाही. कपाळावर एका बाजूला खोल जखम होती, पण तिच्यातून आता रक्तही वाहत नव्हतं.

तो जवळजवळ उघडाच पडला होता. मी ओला अबाया काढून त्याच्यावर घातला. भर किनाऱ्यावर साडीत उभी राहिले.

गारठ्याने यांचा जबडा आवळला होता. तशाच ओल्या अंगाने पोलिसांनी यांना जीपमध्ये घातलं. संध्याकाळी सोडलं. तिथे काय विचारलं ते यांनी सांगितलं: तू त्याचा कोण, तुझं त्याच्याशी काय काम, तो गोरा आणि तू त्याच्या हाताखालचा, मग एकत्र समुद्रावर कशासाठी? दोन दिवसांनी कंपनीच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथे एकच प्रश्न होता. प्लायवूड कुणाच्या परवानगीने वापरलंत? परवानगी देणारा मेला होता.

यांना वर्कशॉपातून काढून बांधकामावर टाकलं. लांब फळी पोलीस घेऊन गेले ती आम्हाला पुन्हा दिसली नाही. त्या गार पाण्यानंतर ताप आला तो फुप्फुसात उतरला, आणि हे महिनाभर अंथरुणावर होते.

तापातून उठून बसायला लागले त्या सुमाराला एके दुपारी दारात गाडी थांबली. साहेबाची बायको होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. हातात घडी केलेला माझा अबाया, धुतलेला, इस्त्री केलेला. तो परत द्यायला ती आली होती. खोलीत खुर्ची नव्हती. ती चटईवर बसली, पाय कसे घ्यावे ते तिला कळेना. मी चहा केला. हे उशीला टेकून बसले होते.

तिने यांना हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं. हे मला मराठीत सांगत गेले. "विचारते आहे, शेवटी तो काही बोलला का."

"मग सांगा ना काहीतरी," मी म्हटलं. "तुमची आठवण काढली म्हणावं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पोहोचलो तेव्हा तो मेलेला होता. मेलेल्याच्या तोंडात मी शब्द कसे घालू?" आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "नो, मॅडम. नो टॉक. आय गो, ही फिनिश."

ती मान हलवत राहिली. मग तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, मुलाबाळांचं असावं. हे मला न सांगताच उत्तरले, "वन बेबी. फिनिश."

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने कप खाली ठेवला. मला वाटलं ती उठून जाईल. तिने माझा हात धरला. तिचा हात ओलसर होता. आम्ही दोघी तशाच बसलो, एकमेकींची भाषा न येणाऱ्या. यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि मग मी तो आवाज ऐकला. मुलगी गेल्यावर जे रडू आलं नव्हतं ते आलं होतं, खोकत खोकत, खांदे हलवत. मी उठले नाही. तिनेही माझा हात सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात ती तिच्या देशी गेली. त्याला कुवेतलाच पुरला होता. तिचं पुढे काय झालं, आम्हाला कळलं नाही.

त्यानंतर आम्ही अजून सात-आठ वर्षं राहिलो. दोन मुलं झाली, दोन्ही जगली. यांची छाती मात्र कायमची गेली. जवळच्या शुऐबाला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा हे तिथे सिमेंट ओतायच्या लाकडी पेट्या ठोकायला जात. संध्याकाळी यायचे तेव्हा भुवया सिमेंटने पांढऱ्या असायच्या आणि दारापुढच्या तीन पायऱ्या चढतानाही थांबून दम घ्यायचे. समुद्रावर गेले नाहीत. मीही जा म्हटलं नाही.

एकदाच गेले. आमच्या रत्नागिरीकडची नवी पोरं तोवर फहाहीलच्या बाजारात नोकऱ्यांना लागली होती. एका शुक्रवारी कौसात ती सगळी बांधाजवळ पाण्यात उड्या मारत होती. त्यांचा ओरडा घरापर्यंत येत होता. हे जेवायला बसले होते. ताट तसंच सोडून उठले. मी मागे गेले. या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता.

"बाहेर या! सगळे बाहेर या!"

पोरं हसली. एक जण म्हणाला, "चाचा, आम्हाला पोहता येतं."

"बाहेर ये म्हणतो ना!"

ओरडण्याने यांना खोकल्याची उबळ आली, वाकून गुडघ्यांवर हात टेकले, तरी नजर पाण्यावरून काढली नाही. पोरांना वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलंय. चाळिशीही गाठली नव्हती यांनी. पण एकेक करून ती आली, कुरकुरत, कपडे उचलून गेली. शेवटचा वाळूवर आल्यावर हे वळले आणि घरी येऊन जेवायला बसले. आमटी थंड झाली होती. मी गरम करते म्हटलं तर नको म्हणाले, तशीच भातावर ओतून घेतली.