अप्पांनी न चाखलेली कोंबडी

काल नातीने फ्रायपॅनमध्ये चिकन परतून वर कैरीच्या फोडी टाकल्या. तो आंबूस, चरचरीत वास नाकात शिरला आणि मी कामतघरच्या चाळीतल्या वैशाखी दुपारी जाऊन पोचले.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. माझे वडील, अप्पा, अंजूरहून भर उन्हात झाडाच्या कैऱ्या घेऊन आले होते. त्याच चिरून मी घाईघाईने कोंबडी तव्यावर परतली. शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात हाका मारून त्यांना पाटावर बोलावलं.

"नको बाय. तुला पोर झाला का पोटभर खाईन," अप्पा म्हणाले. मूल होईपर्यंत लेकीच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

"व्याही रीतीचा माणूस हाय हो!" सासूबाई म्हणाल्या. झालं, मी महाराणी फुलून गेले! बाप सुकल्या ओठांनी उन्हात परत निघालाय, आणि ही बया दारात उभी राहून मिरवतेय.

अप्पा त्याच पावसाळ्यात गेले. पुढच्या वर्षी थोरला झाला. त्याच्या बारशाला सगळी भावकी माझ्या हातचं जेवली आणि अप्पांनी रीत कशी पाळली, याचं कौतुक करत पान खाऊन घरी गेली.