मिस्त्रींच्या डोक्यातली पाइपलाइन

नगर जिल्ह्यात जमिनीखाली काय आहे हे दोघांनाच ठाऊक असते. एक परमेश्वर आणि दुसरे आमचे मिस्त्री. दोघांपैकी परमेश्वराला विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता अधिक, असे माझे दीर्घ नोकरीअंती झालेले मत आहे. मिस्त्रींना काहीही विचारा, ते आधी तुमच्याकडे पाहत, मग पायाखालच्या मातीकडे पाहत आणि म्हणत, "त्यात काय सांगायचंय?" एवढे बोलून ते कामाला लागत. काम अचूक होई. ते का अचूक झाले, हे मात्र त्यांच्याबरोबर श्रीरामपूरच्या गाडीत बसून त्यांच्या घरी निघून जाई.

सुप्याच्या एमआयडीसीतील ज्या कंपनीत मी नकाशे विभाग सांभाळला, ती गावोगावच्या पाणीयोजना उभारते. विहीर, पंपघर, टेकडीवर टाकी आणि या सर्वांना जोडणारी कित्येक कोसांची पाइपलाइन. हा धंदा लग्नाच्या मांडवासारखा आहे. काम निघाले की चार तालुक्यांतून माणसे गोळा करायची, दीड-दोन वर्षे एकत्र राबायचे, टाकीत पाणी चढले की नारळ फोडायचा आणि सर्वांनी आपापल्या वाटेने जायचे. मांडव सोडताना खांब मोजून घेतले जातात. त्या कामात कोण काय शिकला, हे कोणी मोजून घेत नाही. परिणामी पुढच्या गावी नवी माणसे तीच चूक नव्या आत्मविश्वासाने करतात. ही गळती पाइपांच्या गळतीहून मोठी होती. ती थांबली होती फक्त मिस्त्रींपाशी, कारण ते प्रत्येक कामावर होते.

त्यांच्या खिशात वही नसे, पेन नसे. मापाची टेप असे, पण तिचा उपयोग ते पाठ खाजवण्यासाठी करीत. लोखंडी सळईचे एक टोक पाइपावर आणि दुसरे कानाला लावून ते गळतीची जागा सांगत आणि सांगितलेल्या जागी खणल्यावर मला कधी निराश व्हावे लागले नाही. मी स्वतः काढलेले नकाशे ते नियमितपणे वापरत, जेवताना खाली अंथरायला. एकदा मी त्यांना त्याबद्दल छेडले. नकाशावरची चटणी झटकत ते म्हणाले, "साहेब, ह्याच्यापरीस चांगला उपयोग आजवर कोनी केला का, सांगा." आखणी मी कार्यालयात बसून सरळ करीत असे. प्रत्यक्षात कोठे कातळ लागे, कोठे कोणाची बांधावरून भावकी आडवी येई, आणि पाइप वळे. तो वळल्याची नोंद नकाशात होत नसे. ती मिस्त्रींच्या डोक्यात होई.

रविवारी ते काम करीत नसत. त्या दिवशी ते श्रीरामपूरला चर्चमध्ये ढोलकी वाजवीत. एका रविवारी राहुरीकडच्या टाकीची चाचणी चालू असताना पाणी कोठूनतरी निसटू लागले. साइटवरच्या माणसांनी घाबरून त्यांना फोन लावला. पलीकडून भजनाचे कडवे ऐकू आले, ते संपले आणि मिस्त्रींचा आवाज आला, "टाकीपासून चौथा जोड. रिंग मुरगाळली आसंल. आता फोन करू नका, पुढचं लई जलद हाय." चौथ्या जोडाची रबरी रिंग मुरगाळलेलीच होती. पुढचे भजन खरोखरच जलद होते, कारण फोन बंद करायला ते विसरले होते आणि आमच्या माणसांनी ते अखेरपर्यंत ऐकले.

पुढे आमचे मालक पुण्याहून एक अभ्यासवर्ग करून आले आणि त्यांनी नियम केला की, प्रत्येक काम संपल्यावर समारोपाची बैठक घ्यायची आणि प्रत्येकाने एक छापील तक्ता भरायचा. त्यात एक प्रश्न होता : या कामातून आपण काय शिकलो? मिस्त्रींनी पहिल्या तक्त्यात लिहिले, 'काम झाले.' दुसऱ्यात लिहिले, 'काम झाले.' पाच वर्षे हेच उत्तर आले. मालकांनी त्यांना बोलावून सविस्तर लिहिण्याची तंबी दिली. त्यानंतरच्या तक्त्यात उत्तर होते, 'काम चांगले झाले.' हे सर्व तक्ते फायलीत क्रमाने लावलेले आहेत. आमच्या संस्थेचा ज्ञानसंग्रह तो एवढाच होता.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. मिस्त्रींच्या निवृत्तीला महिना उरला, आणि अकोले तालुक्यातील आमच्याच जुन्या योजनेच्या वाढीचे काम आम्हाला मिळाले. नवी लाइन जुनीच्या शेजारून टाकायची होती. जुनी लाइन नेमकी कोठून गेली आहे, हे नकाशावरून कळणे शक्य नव्हते. अंदाजाने खणले असते तर जेसीबीच्या एका फटक्यात वरच्या सगळ्या वाड्यांचे पाणी ऐन उन्हाळ्यात बंद पडले असते. ती लाइन टाकणाऱ्या तिघा जाणत्यांपैकी एक वारला होता, एक आखातात होता आणि तिसरे आमचे मिस्त्री. त्यांच्या डोक्यातले काढून कागदावर उतरवण्याचे काम वैशाली नावाच्या नव्या अभियंता मुलीवर आले. मला सल्लागार म्हणून निवृत्तीतून परत बोलावण्यात आले.

पहिला आठवडा तिने प्रश्न विचारले. "त्यात काय सांगायचंय, म्याडम?" एवढेच उत्तर वीस वेळा लिहून झाल्यावर ती माझ्याकडे आली. दुसऱ्या आठवड्यात तिने प्रश्न विचारणे सोडले आणि मिस्त्री जेवायला बसले की त्यांच्यासमोर उभे राहून, दुसऱ्याच कोणाला तरी सांगितल्यासारखे, धडधडीत चुकीचे बोलण्यास सुरुवात केली.

"जोडाच्या रिंगला चांगलं ग्रीस फासायचं," ती म्हणाली.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "ग्रीस? रबर खातंय ते! साबनाचं पानी लावायचं. कोनी शिकवलं तुमाला?"

"आणि चढावर पाइप वरून खाली टाकत यायचे."

"खालून वर! पाइपाचं रुंद तोंड, सॉकेट, वरच्या अंगाला. न्हाईतर एकेक जोड सुटून समदी लाइन तुमच्या पायाशी येऊन बसंल."

"काळ्या रानात काही करावं लागत नाही. माती मऊच असते."

मिस्त्रींनी ताट बाजूला सारले. काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते, पावसाळ्यात कशी फुगते, पाइपाखाली मुरुमाची गादी किती आणि का घालायची, यावर ते पाऊण तास बोलले. इतके बोललेले मी त्यांना त्याआधी कधी ऐकले नव्हते. वैशाली लिहीत होती. मनुष्य प्रश्नाला उत्तर न देता राहू शकतो. समोर चाललेली चूक पाहून गप्प राहणारा कारागीर मात्र अजून जन्मायचा आहे. त्या मुलीने त्या आठवड्यात इतके चुकीचे बोलून दाखवले की मालकांना तिच्या पदवीची शंका येऊ लागली. मी त्यांना गप्प बसण्यास सांगितले.

कसब असे निघाले. जागा मात्र निघेनात. म्हणून फाल्गुनात आम्ही तिघे अकोल्याला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी जेसीबी उभा होता. पहिला व्हॉल्व्ह सापडला की तेथून लाइन धरता येणार होती. मिस्त्रींनी चहूकडे पाहिले. कच्च्या रस्त्याची सडक झाली होती, आंबा गेला होता, घरांवर स्लॅब पडले होते.

"आमी हितं जेवलो हुतो," ते म्हणाले. मग एका गोठ्याकडे बोट केले. "तवा घर तितं हुतं."

घरची सून बाहेर आली. मिस्त्रींनी तिला सांगितले, "बाई, नागलीची भाकरी आन् पिठलं करा. सरकारी काम हाय."

"मामा, ठेचा हाय तयार. पिठल्याला येळ लागंल."

"ठेचा चालायचा न्हाई. त्या दिशी पिठलं हुतं. तसंच खाल्ल्याबिगार जागा आठवायची न्हाई."

पिठले शिजेपर्यंत जेसीबीचा चालक झोपला. मग मिस्त्री ताट घेऊन गोठ्यात शिरले. ज्या ठिकाणी त्यांना बसायचे होते तेथे म्हैस होती. तिला उठवण्यात आले. ते मांडी घालून बसले, एक घास घेतला, डोके हलवले, थोडे डावीकडे सरकले, पुन्हा घास घेतला. "ऊन मानेवर हुतं," ते पुटपुटले आणि पाठ फिरवून बसले. म्हैस, वैशाली आणि मी पाहत होतो. चौथ्या घासाला त्यांनी ताटातून मान वर केली आणि हात लांब केला. "त्यो कडा दिसतो ना, त्याच्या नाकाच्या खाली आमचा दगू, वारला त्यो, बसायचा जेवायला. खालची माती वल्ली हुती, म्हून व्हॉल्व्हवरच बसायचा. मी लई शिव्या घालायचो त्याला."

आम्ही कड्याच्या नाकाखाली खणले. हातभर खोलीवर चेंबरचे झाकण लागले. त्याखाली व्हॉल्व्ह होता. सुनेने विचारले, "मामा, आजून वाढू का?" मिस्त्री म्हणाले, "वाढा. आता निवांत जेवतो."

त्या दिवशी त्यांनी पुढची सात वळणे दाखवली. वैशाली प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकून मोबाईलवर जागा नोंदवीत होती. आठव्या वळणाला मिस्त्री एका दगडावर बसले आणि गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे सकाळी दुखत नव्हते. मी शेजारी बसलो. वैशाली पुढे थांबली होती.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "ह्या पोरीनं समदं लिहून घेतल्यावर मला फोन कोन करील?"

"कोणीही नाही," मी म्हणालो.

ते हसले. "तुमी जन्मात खोटं बोल्ला न्हाई, हे म्हाईत हाय मला. आज एक डाव बोल्ला असता तर काय बिघडलं असतं?"

"वरच्या वाड्यांचं पाणी," मी म्हणालो. "ते एका फोनवर किती दिवस टांगून ठेवायचं?"

"व्हय," ते म्हणाले. "ते बी हायेच." गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि वैशालीला हाक मारली, "ए पोरी, थांबलीस काय अशी? चल. आजून अकरा वळणं हायेत आन् तू खुंट्या तिरप्या ठोकतीस."

मात्र त्यांनी एक अट घातली. प्रत्येक जागेपुढे, तेथे कोणी जेवू घातले त्याचे नाव लिहायचे. "ज्यांच्या रानातनं लाइन गेली त्यांनी वर आमाला भाकरी बी दिली. त्यांचं नाव नको का कागदावर?" त्यामुळे आमच्या कंपनीच्या अधिकृत नोंदवहीत खोली, व्यास, जोडाचा प्रकार यांच्यापुढे 'जेवण' असा रकाना आहे. त्यात पिठले आहे, हुलग्याचे माडगे आहे, एका ठिकाणी 'लग्न होते, लाडू' अशी नोंद आहे, आणि एका ठिकाणी 'काही दिले नाही, कुत्रे सोडले' अशीही. मालकांनी तो रकाना काढण्यास सांगितले. मी वहीच्या तळाशी सही करून ती तशीच छापावयास पाठवली. वळणे सारी बरोबर निघाली. नवी लाइन टाकताना जुनीला ओरखडाही गेला नाही. अकोल्याहून परतल्याबरोबर दुसऱ्या जुन्या योजनांसाठीही मिस्त्रींना गाडीत घालून नेण्यात आले. महिना संपेपर्यंत त्यांनी आठ गावे चालून आणि जेवून काढली, चालले नसते तर तेवढी भूक त्यांना लागली नसती. निवृत्तीच्या दिवशी समारोपाचा छापील तक्ता त्यांच्यापुढेही ठेवला गेला. त्यांनी तो वैशालीकडे सरकवला. "तू भर. तुलाच ठावं आता."

यंदा चैत्रात अकोल्याची जुनी लाइन एका जागी फुटली. वैशालीने वही उघडली, माणसे पाठवली, आणि दुपारपर्यंत वरच्या वाड्यांना पाणी सुरू झाले. मिस्त्रींना कोणी फोन केला नाही. त्याची गरजच पडली नाही. त्या रविवारी मी एसटीने श्रीरामपूरला गेलो. मिस्त्री ओट्यावर बसले होते. बातमी एका वाक्याची होती. ती मी सांगितली.

ते म्हणाले, "बरं झालं." आणि जरा पुढे सरकून, "कुठल्या अंगाला फुटली? खड्ड्यात कोन उतरलं हुतं? पानी आधी तोडलं का त्यांनी? बैजवार सांगा."

मी सांगू लागलो. परतीची पाचची बस गेली. सहाचीही गेली. मी सांगत होतो.